माईचा विलायती उपास

मी एक जुने जाळीचे कपाट आहे. उज्जैनच्या कडेला भैरवगढात एका छीप्याच्या कारखान्यात भिंतीला पाठ लावून उभे आहे. माझ्या फळ्यांवर आता कापड छापायचे लाकडी ठसे असतात, खालच्या कप्प्यात रंगाच्या चिंध्या. एक पाय वाळवीने खाल्ला, म्हणून त्याखाली वीट सरकवली आहे. जाळी दोन ठिकाणी फाटली आहे.

मित्रांनो, श्रावण लागला आणि लाकूड ओल धरू लागले, की माझ्यातून एक वास येतो. छीपा ठसे खाली ठेवून नाक मुरडतो. "इसमें चूहा मरा है क्या?" म्हणत सगळे कप्पे उपसतो. उंदीर सापडत नाही. माझ्यात मेलेले काहीच नाही. तो वास चीजचा आहे. तो लाकडात कसा मुरला आणि इतकी वर्षे का गेला नाही, ते तुम्हाला सांगते.

मला उज्जैनच्याच एका सुताराने घडवले, जुन्या सागाचे. ग्वाल्हेर दरबाराच्या इथल्याच, उज्जैनच्या पाहुणेघरासाठी मी बनले. माझ्या चारही पायांखाली दगडी वाट्या होत्या आणि त्यांत पाणी, म्हणजे मुंग्या चढू नयेत. बारीक पितळी जाळी होती, म्हणजे वारा लागावा आणि माशी शिरू नये. त्या काळी माझी ऐट पाहायला हवी होती. स्वयंपाकघराची दुसरी कपाटे डाळ-तांदूळ सांभाळत. माझ्यात मात्र मुंबईहून आगगाडीने, बर्फात आणि लाकडाच्या भुशात गुंडाळून आलेले विलायती चीज राहत असे.

पाहुणेघरात एक रिवाज होता. पाहुण्यांच्या टेबलावर जाणारा प्रत्येक पदार्थ आधी दरबारच्या माणसाने चाखायचा, सर्वांसमोर, आणि मग थोडा वेळ तिथेच उभे राहायचे. तो उभा राहिला, घाम आला नाही, डोळे फिरले नाहीत, तर ताट पुढे जायचे. याला चाखणी म्हणत. ही चाखणी करणारी माणसे दोन होती. मांसमच्छीची चाखणी विष्णू करी. दूधदुभते, गोडधोड आणि भाज्या यज्ञेश्वरपंत चाखत. पंतांचे घराणे महाराष्ट्रातून शिंदे सरकारच्या मागोमाग आलेले. त्यांचे वडील, आजोबा याच कामात होते. अंगात सदरा, डोक्यावर पगडी आणि जीव मुठीत. पण चेहऱ्यावर ते कधी दिसू देत नसत. शास्त्रीबुवांनी मंत्र म्हणावा तसे ते घास घेत.

पहिल्यांदा चीज आले, तेव्हा ते चाखायचे कोणी, यावरच भांडण झाले. विष्णूने कापड बाजूला केले, नाक पुढे नेले आणि दोन पावले मागे सरला.

"हे मेलेलं आहे," तो म्हणाला, "पण जनावर नाही. माझं काम नाही हे."

"मग माझं तरी कसं?" पंत म्हणाले. "याला बुरशी आली आहे!"

मुख्य खानसामा बन्नेखाँ मिशीत हसला. "दूध का माल है, पंडतजी. दूध का है, तो आपका. फैसला हो गया."

आणि खरोखरच तो निवाडा झाला. मित्रांनो, पुढचे सगळे दुःख त्या एका वाक्यात होते. पण तेव्हा कोणाला ते कळले नाही. सगळे हसले आणि मीही खूश झाले.

पंतांनी काय करावे? लोणच्याच्या बरणीवरची बुरशी बायका काढतात, तशी त्यांनी सुरीने त्या चीजमधली निळी शीर न् शीर कोरून काढली. उरला पांढरा भुगा. तो चाखून त्यांनी टेबलावर पाठवला. गोऱ्या साहेबाने बशी पाहिली आणि निरोप पाठवला, की चीज कुठे आहे? बन्नेखाँने कपाळाला हात लावला. "अरे महाराज, जो फेंक दिया, वही तो खाने की चीज थी!"

त्यानंतर पंत न कोरता खाऊ लागले. सुरुवातीला फार हाल झाले. एक चीज निळ्या शिरांचे, ठिसूळ. जिभेला सुई टोचल्यासारखे होई. एक नारिंगी सालीचे आणि चिकट. त्याचे कापड सोडले की भांडी घासणाऱ्या बाया अंगणात निघून जात. पावसात भिजलेली घोंगडी गुरांच्या गोठ्यात वाळत घालावी, तसा त्याचा दरवळ. एक होते गोल लाकडी डबीत, पांढऱ्या कातड्याचे. उन्हाळ्यात ते आपोआप वितळून माझ्या फळीवर पसरे. पंत खाऊन झाले की तुळशीचे पान चावत, मिठाने जीभ घासत. पण महिने गेले, वर्षे गेली. एके दिवशी मी पाहिले, की त्यांनी घास घेतला, उभे राहिले, ताट पुढे गेले, आणि तुळशीचे पान त्यांच्या हातातच राहिले.

"क्यों पंडतजी," बन्नेखाँने टोमणा मारला, "आज जबान नहीं धोनी?"

"राहू द्या," पंत म्हणाले. "चव जाईल."

चाखणीतून उरलेला तुकडा चाखणाऱ्याचा, असाही रिवाज होता. तो तुकडा केळीच्या पानात बांधून पंत घरी नेऊ लागले. घरी त्यांची आई होती, अहल्याबाई. सगळे तिला माई म्हणत. माई फार तरुणपणी विधवा झाली होती. तांबडे लुगडे, एक वेळचे जेवण. कांदा नाही, लसूण नाही, तिखट नाही, विडा नाही. जे जे जिभेला चरचरते, ते ते सारे तिचे गेले होते. राहिली होती एकादशीची रताळी आणि दूध.

माईने तो तुकडा हातात घेतला. वास घेतला. लेकाकडे पाहिले.

"कशाचं आहे रे हे, यज्ञा?"

"दुधाचं, माई."

"नुसतं दुधाचं?"

"नुसतं दुधाचं."

"मग उपासाला चालतं," माई म्हणाली आणि तोंडात टाकले. डोळे मिटून ती कितीतरी वेळ ते चघळत राहिली. तूप कढवल्यावर भांड्याच्या तळाशी जी करपट बेरी उरते, ती माईच्या फार आवडीची. डोळे उघडून ती म्हणाली, "बेरीच आहे ही. पण बेरीची आजी."

तेव्हापासून माईची एकादशी विलायती झाली. पंतांनी हे सारे पाहुणेघरात बन्नेखाँला हसत हसत सांगितले, तेव्हा मी ऐकले. माझ्या फळीवरचा एक तुकडा एका म्हातारीचा उपास गोड करतो, याचा मला अभिमान वाटला.

मग देश स्वतंत्र झाला. पाहुणेघरावर नवा झेंडा लागला आणि बन्नेखाँने सगळ्यांना शिरा वाटला. तो शिरा चाखायला कोणी पुढे झाले नाही. सगळ्यांनी एकदमच खाल्ला. पुढच्या वर्षी ग्वाल्हेर, इंदूर आणि बाकीची संस्थाने मिळून मध्य भारत झाला. गोरे पाहुणे यायचे थांबले, पाहुणेघर बंद झाले. बन्नेखाँ मुलाकडे गेला, विष्णूने माधव नगरात चहाची टपरी टाकली. सामान वाटले गेले तेव्हा पंतांनी मला मागून घेतले. माझ्यात चीजचे काही बंद पत्र्याचे डबे शिल्लक होते, तेही त्यांना मिळाले. "ले जाओ, कौन खाएगा," सामान मोजणारा म्हणाला.

हातगाडीवर बसून मी पंतांच्या घरी आले. माईने माझ्या जाळीवरून हात फिरवला, नाक टेकवले आणि लहान मुलीसारखी हसली.

पण त्या घरात सगळेच हसणारे नव्हते. पंतांचे थोरले भाऊ श्रीपादराव राम घाटावर पौरोहित्य करत. त्यांच्या शब्दाला घाटावर वजन होते, आणि घरात तर त्यांच्याखेरीज कोणाचा शब्दच नव्हता. "यज्ञेश्वराची नोकरी म्हणजे उष्ट्याची उलटी," ते म्हणायचे. "लोक खाऊन उरलेलं उष्टं टाकतात, हा आधीच उष्टं करून वाढतो." पंत हसून सोडून देत. त्यांची बायको वासंती मात्र रागाने भांडी आपटी.

पंतांना नव्या सरकारच्या दुग्धखात्यात भांडाराचे काम मिळाले. त्यांचा साहेब होता शरच्चंद्र, नागपूरकडून शिकून आलेला तरुण मुलगा. स्वभावाने अगदी सरळ. संक्रांतीला पंतांनी त्याला तिळगुळासाठी घरी बोलावले. तो आला, माईच्या पाया पडला, आणि माझ्याजवळच्या पाटावर बसला. बसताच त्याने नाक वर केले.

"पंत, घरात चीज? अहो, उज्जैनीत मला हा वास येईल असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं!"

माईला तर उत्साहच आला. "तुम्हाला आवडतं? मी उपासाला खाते हो. दुधाचंच आहे. यज्ञा, साहेबांना दे ना जरासं."

शरच्चंद्र मोकळेपणी हसला. वर्गात प्रश्न विचारला की हुशार मुलगा उत्तर देतो, तसा तो बोलून गेला.

"उपासाला कसं चालेल, आजी? विलायतेत दूध विरजत नाहीत. कोवळ्या वासराचं जठर कापून त्याचा रस दुधात घालतात, त्यानं ते धरतं. त्याशिवाय हे चीज होतच नाही."

तिळगुळाची वाटी वासंतीच्या हातात तशीच राहिली. श्रीपादराव ओसरीवर पोथी वाचत होते. त्यांचा आवाज थांबला.

"मी... माफ करा," शरच्चंद्र चाचरत म्हणाला. "मला वाटलं, माहीत असेल."

माहीत असेल! मित्रांनो, कोणालाच माहीत नव्हते. बन्नेखाँला नाही, पंतांना नाही, मलाही नाही. माई उठली, न्हाणीघरात गेली, आणि पाण्याचे गडव्यावर गडवे रिकामे होण्याचा आवाज येत राहिला.

पाहुणा गेल्यावर श्रीपादराव आत आले.

"गाईचं वासरू," ते म्हणाले. "आईला. एकादशीला."

"दादा, मला माहीत नव्हतं हो."

"तुला विष ओळखता येत होतं ना? मोठा चाखणारा! मग हे नाही ओळखलंस?"

दरबारात मरणाला न भिणारा माणूस थोरल्या भावापुढे मान खाली घालून उभा राहिला.

प्रायश्चित्त ठरले. माघाच्या थंडीत, उजाडताना, माईला राम घाटावर नेऊन क्षिप्रेत बुडी मारायला लावायची आणि पंचगव्य द्यायचे. वासंतीने हात जोडले, "दादा, त्यांचं वय बघा. घरीच पाणी तापवून देते." पण तापवलेल्या पाण्याने पाप जात नाही, असे श्रीपादराव म्हणाले. माई गेली. परत आली तेव्हा तिचे दात नसलेले तोंड थरथरत होते. तरी पंचगव्याची वाटी ओठाला लावताना ती थोरल्या लेकाला म्हणाली, "गाईचं मूत चालतं, शेण चालतं. दूधच तेवढं बाटलं होय रे, श्रीपादा?"

"माई, शास्त्राची थट्टा करू नका."

"थट्टा कुठली, बाबा," ती म्हणाली आणि वाटी संपवली.

मला राखेने आणि गोमूत्राने घासले, उन्हात उलटे टाकले, चुन्याने पुसले. तरी वास गेला नाही. मग मला मागच्या पडवीत गुरांच्या पेंडीसाठी ठेवले. डबे क्षिप्रेत टाकून यायचा हुकूम झाला. पंत पिशवी घेऊन निघाले खरे, पण निघण्याआधी एक डबा त्यांनी माझ्या खालच्या कप्प्यात, कोंड्याच्या पोत्यामागे सरकवला. का, ते त्यांनाही सांगता आले नसते.

माईच्या छातीत सर्दी बसली ती उठलीच नाही. चैत्र गेला. थोडे बरे वाटले की भिंत धरत धरत ती पडवीत येई. माझ्या जाळीला गाल टेकवून उभी राही. काही मागत नसे. नुसती श्वास घेई, आणि कोणाची चाहूल लागली की पदर सावरून म्हणे, "वारा घेत होते."

वैशाखातली वद्य एकादशी आली. माईला आता उठवत नव्हते. ऊन फार म्हणून तिची खाट पडवीतच, माझ्यासमोर टाकली होती. दुपारी पंत पाय चेपत बसले होते.

"यज्ञा, आज एकादशी ना?"

"हो, माई."

"मग उपासाचं दे ना काही."

"साबुदाण्याची पेज आहे. आणू?"

"ते नाही." तिने माझ्याकडे पाहिले. "तुझ्याकडे आहे. मला वास येतो. करंगळीवर दे, एवढंसं. चघळते नुसतं."

पंतांचा हात माझ्या कडीवर आला. खरेच आला. मी पेंडीची फळी, कोंडा, सगळे विसरून नुसते त्या हाताची वाट पाहत राहिले. तेवढ्यात दारात श्रीपादराव गंगाजलाचा गडू घेऊन उभे राहिले. नुसते पंतांच्या हाताकडे पाहत राहिले.

हात कडीवरून खाली आला.

"उद्या देतो, माई," पंत म्हणाले.

माईने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "बरं," ती म्हणाली. "उद्या."

द्वादशीला उजाडायच्या आत, उपास सोडण्याआधीच ती गेली. श्रीपादराव आलेल्या प्रत्येकाला सांगत होते, "भाग्यवान! शेवटचा उपास अगदी निर्मळ झाला." पंत माझ्याकडे पाठ करून बसले होते.

मित्रांनो, यानंतर एक पूर्ण वर्ष तो डबा माझ्या पोटात राहिला. पंतांना तो काढायचा धीर झाला नाही, टाकायचाही नाही. उन्हाळ्यात पडवी तापली, पावसात दमट झाली, पुन्हा उन्हाळा आला. डबा दोन्ही बाजूंनी फुगत चालला होता. पत्रा कुरकुरे. मला भीती वाटे, पण मला तोंड कुठे होते?

वर्षश्राद्धाचा दिवस आला. घाटावरचे प्रतिष्ठित ब्राह्मण पंगतीला बसले. वडे, खीर, आमटी, सगळे सोवळ्यात झाले होते. माईच्या नावाचे पान वेगळे मांडले होते. वासंती खीर वाढायला थांबली होती.

"वाढ, वाढ," श्रीपादराव म्हणाले. "गार होऊ देऊ नकोस. पितर काही हातानं जेवत नाहीत, वासानं जेवतात. गार अन्नाला वास कुठला?"

वासंतीने खीर वाढली. श्रीपादरावांनी पाणी सोडले. पडवीच्या पत्र्यावर वैशाखाचे ऊन रणरणत होते, आणि त्याच वेळी माझ्या पोटात बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला.

डबा फुटला होता. कोंडा उडाला, माझे दार उघडले. आणि तो वास सुटला! कोंडून ठेवलेला वर्षभराचा वास. तो पडवीतून माजघरात गेला, माजघरातून पंगतीत. खिरीचा वास मेला, उदबत्तीचा मेला. एक भटजी तोंडाला उपरणे लावून उठले, त्यांच्यामागे दुसरे उठले. "शिव शिव! काय मेलं आहे या घरात?" पाने तशीच टाकून पंगत अंगणात गेली.

श्रीपादराव तरातरा पडवीत आले. त्यांनी फुटलेला पत्रा पाहिला आणि सगळे ओळखले.

"यज्ञेश्वरा! आईच्या श्राद्धाला! तिच्या पानावर हा वास!"

पंत माझ्यासमोर खाली बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. असा चेहरा मी पाहुणेघरात पाहिला होता, घास घेऊन सर्वांसमोर उभे राहताना. ते शांतपणे म्हणाले,

"दादा, पितर वासानंच जेवतात ना? तुम्हीच म्हणालात आत्ता."

श्रीपादरावांनी उपरणे नाकाला लावले.

"मग माई जेवली," पंत म्हणाले. "भटजींना म्हणावं, खुशाल घरी जा."

मग ते रडू लागले. वर्षभर रडले नव्हते. वासंती त्यांच्याजवळ येऊन बसली. नाकाला पदर तिनेसुद्धा लावला होता, पण ती उठली नाही.

त्या दिवसापासून दोघा भावांची चूल वेगळी झाली. पुढे राज्ये पुन्हा मोडली, नवी झाली, मध्य भारत मध्य प्रदेशात गेला आणि पंतांचे दफ्तर भोपाळला हलले. पंतांनी मला न्यायचे म्हटले, पण तिथले क्वार्टर लहान, आणि वासंतीने एवढेच विचारले, "तो वास तिथेही घेऊन जायचा का?" पंतांनी माझ्या कडीवर एकदा हात ठेवला आणि टांग्यात जाऊन बसले. श्रीपादरावांनी मला त्याच आठवड्यात भैरवगढच्या छीप्याला देऊन टाकले. इथे रंगाच्या हंड्यांना काळ्या रंगासाठी कुजत घातलेल्या लोखंड-गुळाचा आंबूस वास असतो. त्यात माझा वास कोणाला फारसा खुपत नाही.

मित्रांनो, माझी जाळी कोणी शिवली, पायाखालची वीट काढून नवा पाय लावला, तर मला बरे वाटेल. जुन्या लाकडालाही तेवढी हौस असते. पण तुमच्याकडे मागायचे ते हे नाही. तुमच्या घरी कोणी म्हातारे माणूस खाटेवर पडून करंगळीएवढे काही मागत असेल, तर शास्त्र, पथ्य, लोक, भाऊ, ज्याला विचारायचे त्याला लवकर विचारा, आणि नाही विचारले तरी चालेल. पंत वाईट नव्हते. परक्यांच्या ताटातला घास त्यांनी जीव मुठीत धरून खाल्ला. आईला द्यायचा घास मात्र त्यांनी उद्यावर ठेवला.

आता श्रावण लागेल. छीपा पुन्हा माझे कप्पे उपसून उंदीर शोधील. त्याला तो सापडणार नाही. मग तो दार लावून घेईल, आणि माझ्या आत माईची एकादशी तशीच उपाशी बसून राहील.